जेवली नाही झोपली

प्रिय मुली,

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. "बाई, मी धडा अभिनयासकट वाचून दाखवते, मुलं तस्संच म्हणतात, पण पान उलटलं की परत लोकलमधल्या घोषणेसारखं सपाट, 'पुढील स्टेशन करी रोड'." हसले मी, पण तुझा आवाज रडवेला होता. त्यात ते स्टॉपवॉच. तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, हे 'निपुण भारत' या सरकारी मोहिमेचं उद्दिष्ट. त्यात "अर्थासह" असंही लिहिलेलं आहे गं, पण ते घड्याळात दिसत नाही.

अभिनय बंद कर. तुझा अभिनय मुलं पाठ करतात, वाचत नाहीत. त्यांना थांबायला शिकव.

भाव त्यांच्याकडे ढिगाने आहेत. मधल्या सुट्टीत ऐक एकदा. माझ्या वर्गातली एक पोर नळावरचं भांडण दोन्ही बाजूंनी करून दाखवायची, कुठे आवाज चढवायचा, कुठे गिळायचा, सगळं बिनचूक. तीच पुस्तक हातात घेतलं की भिंत. कारण सगळा जीव जोडाक्षरात अडकलेला. बोट एका शब्दावर, डोळा त्याच शब्दावर, तोंडही तिथेच. डोळा तोंडाच्या दोन पावलं पुढे गेल्याशिवाय आवाजाला कळणार कसं काय येतंय ते?

आणि आपली मराठी तर सगळं शेवटाला ठेवते. "राजाने त्याला बक्षीस दिले" इथपर्यंत पोर खुशीत येतं, आणि मग येतं "नाही". "जा तिकडे," हे वाचून झाल्यावर कळतं की आजी "रागाने म्हणाली". पुढचं दिसलंच नसेल तर राग आणणार कुठून?

स्वल्पविरामाला एक मोजा, पूर्णविरामाला दोन, हे सांगत बसू नकोस. मीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं, आणि वर्ग कवायतीसारखा वाचायचा. मोडीत तर शब्दही सुटे लिहीत नसत. विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, कोशकार मेजर कँडींच्या खटपटीने. त्याआधी वाचणारे थांबत नव्हते का? अर्थ कळला की थांबत. "लाल टोपी घातलेला मुलगा धावत धावत फाटकापाशी आला." यात एकही स्वल्पविराम नाही, तरी थांबे दोन आहेत. ते मुलांना शोधू दे. पेन्सिलीने तिरपी रेघ. चुकीच्या जागी मारली तर तसं वाचायला लाव, कान सांगेल. एकच परिच्छेद चार दिवस, जास्त नाही. मुलं कंटाळतील म्हणतेस? कंटाळतेस तू.

आता माझं ऐक. परळला असताना कथाकथनाच्या स्पर्धेसाठी एका मुलीला तयार केलं. हात कधी उचलायचा, डोळे कधी मोठे करायचे, सगळं माझं. कप मिळाला, मुख्याध्यापकांच्या कपाटावर बसला. पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. गावाहून भावाचं पत्र होतं. तिला वाचता येत नव्हतं, पोरीने वाचून दाखवलेलं. "बाई, पोरगी भाषण करते, आईचं काय ते कळतच नाही." मी पत्र घेतलं. ना टिंब ना रेघ. त्यात होतं: "आईला दोन दिवस ताप होता काल जेवली नाही झोपली".

जेवली नाही, झोपली? की जेवली, नाही झोपली?

मी दोन्ही तऱ्हांनी वाचून दाखवलं. ती माउली गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे लिहिणाऱ्यानेच घोळ घातलाय. मला वाटलं, पोरगीच ढ." आणि ती मुलगी बाजूला उभी, अजून एक हात किंचित उचललेला. तो हात मी शिकवलेला.

त्यानंतर दर जूनला पहिल्या आठवड्यात तेच वाक्य मी फळ्यावर लिहिलं. थांबा कुठे घ्यायचा यावर वर्गात भांडणं व्हायची, खरी, नळावरच्यासारखी. माझा अभ्यासक्रम दरवर्षी मागे असायचा. पुस्तकांत रेघा मारल्या म्हणून खुलासा लिहून द्यावा लागला, कारण ती पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यायची होती. सहकारी म्हणायचे, बाईंना एकच खूळ आहे. असेल. माझी काही मुलं मिनिटाला चाळिशीच्या वर गेली नाहीत, हेही खरं. त्यांचं मी नुकसान केलं का, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही छळतो. पण ती वाचायची ते मागच्या बाकावर कळायचं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

तू म्हणशील, बाईंच्या वेळी स्टॉपवॉच नव्हतं. नव्हतं. तुझं मोजून दे त्यांना, त्यावरून भांडू नकोस, नवी आहेस. फक्त मोजण्याच्या दिवशी घाई शिकवू नकोस. आणि जो अडखळतो त्याला पटकन शब्द सांगू नकोस, तोंड मिटून बस. हे तुला जमत नाही, मला माहीत आहे; फोनवरही माझं वाक्य दोनदा तूच पुरं केलंस.

शनिवारी मी दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येणार आहे, अकरापर्यंत मोकळी होईन. मुलांनी रेघा मारलेलं एखादं पुस्तक घेऊन ये. आणि पेन्सिल फिकी धरायला सांग त्यांना, खोडरबराने जाईल अशी. हे मला खुलासा लिहून दिल्यावर सुचलं.

तुझी,
बाई