लिमा बीन्स (चपट्या दाण्यांचं एक कडधान्य) खाण्यात पोषण काय मिळतं? आणि हे कच्चे खाल्ले तर विषारी असतात, हे खरं का?

हो, कच्चे अजिबात खाऊ नका. यात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. दाणा चावला-चिरडला की त्यातून सायनाइड सुटतं. जंगली आणि गडद रंगाच्या जातींत ते जास्त, बाजारातल्या पांढऱ्या दाण्यांत बरंच कमी. उपाय साधा: सुके दाणे रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात झाकण न ठेवता खळाखळा उकळा आणि तेही पाणी टाका. दाणा बोटाने चेपला की पिठासारखा मऊ लागला पाहिजे.

पोषणाचं म्हणाल तर १०० ग्रॅम शिजलेल्या दाण्यांत साधारण ११५ कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम तंतू, चरबी नावापुरती. पोटॅशियम, फोलेट, लोहही चांगलं. मला यातले तंतूच महत्त्वाचे वाटतात, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. सवय नसेल तर गॅस होतो, थोड्यापासून सुरुवात करा.

मूळ दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. मोठा दाणा अँडीज पर्वतांकडचा, छोटा मेक्सिकोच्या बाजूचा. दोन्हीकडे लागवड स्वतंत्रपणे सुरू झाली. पेरू देशातल्या प्राचीन मोचे लोकांच्या मातीच्या भांड्यांवर तर या दाण्यांना हातपाय फुटून ते योद्धे झालेले दिसतात!