डीजे ते राष्ट्राध्यक्ष : रेडिओचा वाटा किती?

प्रश्न : मादागास्करचे आंद्री राजोएलिना डीजे होते, रेडिओ काढला आणि राष्ट्राध्यक्ष झाले, असं वाचलं. रेडिओत एवढी ताकद असते? कोल्हापुरात कुणाला जमेल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मधल्या पायऱ्या गाळल्या की गोष्ट चमत्कारासारखी वाटते. राजोएलिनांनी आधी कार्यक्रम भरवले, मग डिजिटल छपाई आणि होर्डिंगचा धंदा केला. राजधानी अंतानानारिवोत नाव झालं ते त्यातून. 2007 मध्ये त्यांनी रेडिओ-टीव्ही केंद्र विकत घेतलं, त्याला ‘व्हिवा’ नाव दिलं आणि त्याच डिसेंबरात सुमारे 63 टक्के मतं घेऊन महापौर झाले.

त्यांचे विरोधक, राष्ट्राध्यक्ष मार्क रावलोमानना, हे दूध-दह्याच्या धंद्यातले. त्यांचंही रेडिओ-टीव्ही केंद्र होतं आणि तेही आधी याच शहराचे महापौर होते. (दुधातून राजकारणात जाण्याचं कोल्हापूरकरांना काय कौतुक!)

रावलोमाननांचा डाव फसला तो डिसेंबर 2008 मध्ये. परागंदा माजी राष्ट्राध्यक्ष रात्सिराका यांची मुलाखत दाखवली म्हणून सरकारने व्हिवा टीव्ही बंद केला. महापौरांना आयताच मुद्दा मिळाला. आपल्याकडे बिंदू चौक, तसा तिथे ‘13 मे चौक’. लोक तिथे जमू लागले. 26 जानेवारी 2009 ला सरकारी रेडिओची इमारत पेटली. 7 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यासमोर रक्षकांनी गोळीबार केला. किमान 28 माणसं गेली. मार्चमध्ये ‘कॅपसॅट’ ही लष्करी तुकडी उलटली, 17 तारखेला रावलोमाननांनी राजीनामा दिला आणि लष्कराने सत्ता राजोएलिनांच्या हाती दिली. ते तेव्हा 34 वर्षांचे. राज्यघटनेची अट 40 ची! राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी जिंकली ती 2018 मध्ये. म्हणजे रेडिओ-टीव्हीने गर्दी जमवली, खुर्ची दिली ती लष्कराने. ऑक्टोबर 2025 मध्ये तरुणांच्या आंदोलनात तीच कॅपसॅट त्यांच्यावर उलटली आणि त्यांना देश सोडावा लागला.

आता कोल्हापूर. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, एवढंच. सामुदायिक रेडिओचा परवाना शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत ना-नफा संस्थेला मिळतो. एकट्या माणसाला नाही, राजकीय पक्षालाही नाही. प्रसारणशक्ती साधारण 100 वॅट, मनोरा 15 ते 30 मीटर, पल्ला 5 ते 10 किलोमीटर. पन्हाळा त्याच्याही पलीकडे राहिला.

असं केंद्र काढलंच, तर नुसते वॅट वाढवून फारसं साधत नाही. दुप्पट केले तरी वाढ 3 डेसिबलचीच (डेसिबल म्हणजे लहरीच्या ताकदीतला फरक मोजायचं माप). अँटेना उंच आणि आडोशाबाहेर असेल तर फरक पडतो. आणि आपल्या पावसात अँटेनाच्या केबलचा जोड नीट बंद केला नाही तर पाणी शिरतं, अँटेनाकडे निघालेली लहर केबलमधूनच परत फिरते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती उतरवतो. केंद्र चालू दिसतं, पण गावाच्या कडेला आवाज खरखरतो. तेव्हा मृगाआधी ते जोड सोडून, वाळवून, रबरी टेपने पुन्हा गुंडाळून घ्या.