खांदा दुखला तर बाम नको, ऑक्सिजन घे

अरे, तारकर्लीत दुसऱ्या स्कूबा डाइव्हनंतर माझा खांदा ठणकायला लागला, तर टाकी उचलल्याचं दुखणं समजून मी बाम चोळत बसलो. संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या तेव्हा कुठं ट्यूब पेटली: हा डाइव्हरना होणारा डीकम्प्रेशन सिकनेस.

वर येताना दाब घटतो आणि अंगात मुरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सुटतो, सोड्याची बाटली फटकन उघडावी तसा. सांधा दुखो, चक्कर येवो की अंगावर चट्टे उठोत, आधी आडवा हो आणि मास्क घट्ट लावून १०० टक्के ऑक्सिजन घे. बरं वाटलं तरी डॉक्टर टाळू नकोस. 'परत पाण्यात उतर, जाईल' म्हणणारे किनाऱ्यावर भेटतीलच. खाली आकडी आली तर बुडशील.

खरा उपाय रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे दाब पुन्हा वाढवून मग हळूहळू उतरवणारी बंद खोली. बहुधा १८ मीटर खोलीइतक्या दाबाने सुरुवात, मास्कमधून ऑक्सिजन, मधेमधे ५ मिनिटं साधी हवा. पावणेपाच तास जातात. कान सारखे मोकळे करावे लागतात.

आणि डाइव्ह झाल्यावर त्याच दिवशी आंबोली घाट चढू नकोस. सुमारे ६९० मीटरवर हवेचा दाब आणखी कमी. चेंबरकडे नेतानाही ड्रायव्हरला सांग, शक्यतो खालच्या रस्त्यानेच ने बाबा.