नऊ की दहा? नव्या पंचाला पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हवेत उलट्या कोलांट्या मारत खाली येणाऱ्या रोलर कबुतरांच्या स्पर्धेत, यंदाच्या विभागीय फेरीला तुला पंच नेमलं, हे ऐकून बरं वाटलं. फोनवर तू विचारलंस, "काका, फिरकीची क्वालिटी हा शेवटी मताचा प्रश्न. मग माझंच मत बरोबर कशावरून?" दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून लिहायला बसलोय.

आधी एक गैरसमज काढून टाक. पक्ष्यांची मोजणी तेवढी पक्की आणि गुणक (क्वालिटी आणि खोली, म्हणजे पक्षी किती फूट फिरत खाली आला, यांसाठी कच्च्या गुणांना ज्यांनी गुणायचं ते आकडे) मात्र मर्जीचे, असं या खेळातले जुनेजाणतेही धरून चालतात. तू रोलरांच्या वर्ल्ड कपची नियमावली समोर घे. 15 ते 20 पक्ष्यांचं किट, म्हणजे एकत्र उडणारा थवा, वीस मिनिटांची वेळ. निदान पाच पक्षी एकदम उलटून फिरू लागले तरच तो ब्रेक धरायचा. पाच ते नऊ पक्षी असतील तर प्रत्येकी एक गुण, दहा ते चौदाला दोन, पंधरा ते एकोणीसला तीन, आणि अख्खं वीसचं किट फिरलं तर प्रत्येकी पाच. म्हणजे नऊ पक्ष्यांचे 9 आणि दहांचे थेट 20. चौदांचे 28, पंधरांचे 45. एकोणिसांचे 57, विसांचे 100. आता सांग, दोनशे फुटांवर, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपणाऱ्या ब्रेकमध्ये पक्षी नऊ होते की दहा, हे छातीठोकपणे कोण सांगेल? क्वालिटीवरून लोक हुज्जत घालतात, पण खरी मेख इथे आहे. एका पक्ष्याच्या अंदाजावर गुण दुप्पट होतात, आणि त्या अंदाजाला सगळे "मोजणी" म्हणतात.

यावर माझा उपाय साधा आहे. शंका आली की खालचा आकडा. दर वेळी, प्रत्येक ढाबळीवर, सकाळच्या पहिल्या किटला आणि संध्याकाळच्या शेवटच्या किटलाही. एकाला संशयाचा फायदा दिलास आणि दुसऱ्याला नाकारलास, तर तुझी नजर कितीही तयारीची असो, निकाल वाकडाच. सगळ्यांना सारखंच नाकारलंस तर कुणाचं नुकसान होत नाही, कारण घट सगळ्यांच्याच वाट्याला येते.

मोठा ब्रेक असेल तर उलटलेले मोजत बसू नकोस. न उलटलेले मोज. वीसच्या किटमध्ये वर चार पक्षी सरळ उडत राहिलेले दिसले, तर सोळा फिरले. चार मोजणं डोळ्याला जमतं, सोळा मोजणं जमत नाही. मात्र त्या सोळांतले सगळेच खरे फिरले का, ते वेगळं बघावं लागतं. एखादा नुसता पंख झटकून खाली येतो, एखादा एकच कोलांटी मारून वर पळतो. दहा फुटांच्या आत सावरला तो धरायचा नाही. आकडा तोंडातून लगेच बाहेर पडू दे, लेखनिकाला ऐकू जाईल असा. दोन सेकंद विचार केलास की त्या दोन सेकंदांत ढाबळवाल्याचा चेहरा मनात येतो.

आणि "एकदम" म्हणजे एकदमच. पुढचा पक्षी उलटला, त्याचं बघून मागचा, मग त्याच्या मागचा, असा ओघळ लागतो. त्याला वॉटरफॉल म्हणतात. दिसायला देखणा असतो, गावठी प्रेक्षक टाळ्या पिटतात, पण तो ब्रेक नव्हे. त्यातले जे पाच-सहा खरोखर एका क्षणी सुटले असतील तेवढेच घे. पाचही नसतील तर तोंड मिटून उभा राहा.

आता क्वालिटी. चांगला रोलर बाजूने बघितला तर पक्षी दिसतच नाही. दिसतो एक फिरता चेंडू, आणि त्याच्या मधोमध बारीकसं भोक. पंख उंच धरलेले असतात, फिरकी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाची असते, आणि थांबताना पक्षी झटक्यात सुटून थेट किटकडे निघतो. वाईट फिरकीत पंखांची फडफड दिसते. काही पक्षी फिरता फिरता अंगाची दिशा बदलतात, एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. लांबून ते फार वेगवान वाटतात आणि नवा पंच हमखास फसतो. म्हणून जागा महत्त्वाची. किट डोक्यावर असेल तर तुला फक्त पोट आणि शेपूट दिसणार. ढाबळवाला अगत्याने बागेत खुर्ची मांडून ठेवेल, त्या खुर्चीत बसू नकोस. कुंपणापर्यंत जा, शेजारच्या गल्लीत जा, पण बाजूने बघ.

खोलीची भुरळ वेगळीच. पक्षी तीस फूट गरगरत आला की छातीत धस्स होतं, आणि त्या भरात हात 1.6 कडे जातो. पण लांब आणि सैल फिरकीपेक्षा आखूड आणि घट्ट फिरकी सरस असू शकते. म्हणूनच नियमावलीत दोन गुणक वेगळे ठेवलेत, क्वालिटीचा आणि खोलीचा, दोन्ही 1.0 ते 2.0 मध्ये. खोलीने खूश होऊन क्वालिटीत भर घातलीस तर एकाच गोष्टीचे पैसे दोनदा दिलेस. हिशेबच बघ. एका किटचे कच्चे गुण 200, दोन्ही गुणक 1.2, एकूण 288. दुसऱ्याचे कच्चे 150, दोन्ही गुणक 1.4, एकूण 294. पन्नास गुणांनी मागे असलेला पुढे गेला, आणि ते तुझ्या पेनाच्या दोन दशांशांनी घडलं. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. नुसती संख्या मोजली असती तर लोकांनी उथळ, सतत पलट्या मारणारे पक्षी पाळले असते आणि बर्मिंगहॅम रोलर म्हणायला काही उरलं नसतं. पण त्या दशांशांचं वजन किती, हे पेन टेकवताना तुला ठाऊक हवं.

या वजनाला भिऊन काही नवे पंच सगळ्यांनाच 1.2 नाहीतर 1.3 देऊन मोकळे होतात. त्याला तटस्थपणा म्हणत नाहीत, अंग चोरणं म्हणतात. असं केलंस की गुणक नावापुरता उरतो आणि ज्याने नुसते पलट्या मारणारे पक्षी उडवले तो जिंकतो. पहिलं किट सुटायच्या आधी, सकाळीच, वहीत चार ओळी लिही: 1.0 म्हणजे माझ्या मते कसला पक्षी, 1.3 म्हणजे कसला, 1.6 म्हणजे कसला. दुपारी तिसऱ्या ढाबळीवर पोचशील तेव्हा पहिल्या ढाबळीचं चित्र पुसट झालेलं असेल. वर्ल्ड कपच्या अंतिम फेरीचा पंच तर देशोदेशी फिरतो, कारण हे पक्षी आपल्या ढाबळीवरूनच उडतात, त्यांना एका मैदानात आणता येत नाही. तितके दिवस डोळ्यातलं माप एकच ठेवायचं तर कागदाचा आधार लागतोच.

पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत परीक्षक अनेक असतात आणि टोकाचे गुण काढून टाकतात. इथे माणूस एकटा, पेन एक. आपल्याकडच्या गिरेबाजांच्या शर्यतीत निदान घड्याळ असतं: सर्वांत जास्त वेळ आभाळात राहिला तो जिंकला. तरी तिथेही अंधारून आल्यावर वर दिसलं ते कबुतर की घार, यावरून गच्चीवर गळपट्ट्या धरलेल्या मी पाहिल्यात. तेव्हा मताशिवायची पंचगिरी शोधत बसू नकोस. मत असू दे, पण ते दिवसभर एकच असू दे.

दोन गोष्टींना विशेष जप. एक म्हणजे आपलं ते बाब्या. तू ज्या घराण्याचे पक्षी पाळतोस त्यांची उडण्याची लकब तुझ्या डोळ्यांत मुरलेली आहे. तशी लकब दुसऱ्याच्या किटमध्ये दिसली की ती तुला "बरोबर" वाटणार. इंग्लंडमधल्या मिडलँड्सच्या परसांतून निघालेले हे पक्षी बिल पेन्सम या तिथल्या कबुतरबाजाने अमेरिकेतल्या कबुतरबाजांपर्यंत पोचवले. तेव्हापासून "माझे पक्षी थेट पेन्समचे" असं सांगणारे दोन्ही किनाऱ्यांवर भेटतात. किट सुटायच्या आधी कुणी वंशावळ सांगायला लागला तर हसून विषय बदल. पूर्वजांना गुण द्यायचे नसतात.

दुसरं, खाल्ल्या मिठाला जागणं. इथले लोक गरीब, सालस. चहा, सॉसेज रोल, बायकोच्या हातचा केक, सगळं मांडून ठेवतील आणि तोंडाने चकार शब्द काढणार नाहीत. बोलतो तो त्यांचा मित्र, तुझ्या खांद्यामागून: "वा, काय मोठा ब्रेक होता!" तू चहा घे, पण गुणपत्रिकेवर सही झाल्यावर. आणि त्या मित्राला लेखनिकाच्या पलीकडे उभं कर. लेखनिक परक्या क्लबचा असला तर उत्तमच.

कुणी मोबाइलवरचं चित्रण घेऊन येईल आणि "हे बघा, अकरा होते" म्हणेल. बघू नकोस. एकाचं बघितलंस तर सगळ्यांचं बघावं लागेल, आणि ज्याच्याकडे चांगला कॅमेरा तो जिंकेल. आकाशाच्या उजेडात, झूम करून घेतलेल्या हलत्या चित्रात अकरा दिसतात तसे आठही दिसतात. निर्णय तुझा, तो तुझ्या नावाने कागदावर आहे, विषय संपला. मात्र कुणी शांतपणे विचारलं की माझी क्वालिटी 1.2 च का, तर टाळू नकोस. कोणता दोष दिसला ते नेमकं सांग: "तिसऱ्या मिनिटानंतर बरेच पक्षी थांबताना सैल पडत होते." असं सांगता येत नसेल तर तो 1.2 तू बघून दिलेला नाहीस.

राहिला बहिरी ससाणा. तो आला की किट फुटणार, पक्षी ढगात जाणार, आणि मालक रडकुंडीला येणार. पुढे काय करायचं ते नियमावलीत असतं, तेवढंच कर. कीव आली म्हणून पाच मिनिटं जास्त देऊ नकोस. आणि कुणी चहाच्या टेबलावर ससाण्यांचा "बंदोबस्त" केल्याच्या फुशारक्या मारू लागला तर त्या टेबलावरून ऊठ. 2007 मध्ये अमेरिकेत शिकारी पक्षी मारल्याबद्दल रोलरवाल्यांची धरपकड झाली, ब्रिटनमध्येही 1981 चा वन्यजीव कायदा कडक आहे. त्या गप्पांत हसणारा पंच नंतर त्यांच्यातलाच मोजला जातो.

टोपी रुंद काठाची घे, उन्हात डोळे चोळत मोजणी होत नाही. गडद काचांचा चष्मा नको, ढगाळ दिवशी राखाडी पक्षी त्यात विरघळतात. आदल्या रात्री लेखनिकाला बसवून नियमावली एकदा मोठ्याने वाचा, विशेषतः किटबाहेर गेलेल्या पक्ष्यांचं कलम. मैदानात दोघांनी त्याचे दोन अर्थ काढले तर पंचाईत होते. कोऱ्या गुणपत्रिका सोबत पाठवल्यात, सरावाला तुझ्याच किटवर भर आणि मला पाठव. त्यातला क्वालिटीचा आकडा मी आधी बघणार आहे.

तुझा,
काका