ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) : व्होल्टेज बेताने, चाचणी सावकाश

कोअर आय५-१२४०० आणि बी६६० मदरबोर्ड आहे. मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवता येईल?

नाही. त्यासाठी इंटेलचा 'के' प्रकारचा (मल्टिप्लायर खुला असलेला) प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी तयार सेटिंग) मात्र बी६६० वर चालते. ते बंद असेल तर आधी सुरू करा.

१२६००के साठी व्होल्टेज किती ठेवू?

व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतो. मल्टिप्लायर एकेका अंकाने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवा आणि दर वेळी सिनेबेंच आर२३ ही चाचणी दहा मिनिटे चालवा. क्रॅश झाला तरच ०.०१ व्होल्ट वाढवा. लोड (कामाचा ताण) असताना १.३५ व्होल्ट किंवा ९० अंश, यांतले जे आधी येईल तिथे थांबा. कारण साधे आहे : वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. मल्टिप्लायर ४५ वरून ४८ वर नेताना १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले, तर सात टक्क्यांहून कमी वाढीव वेगासाठी सुमारे ३५ टक्के जास्त वीज जाते. हा सौदा आम्हाला पटत नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशनही (लोड आल्यावर घसरणारे व्होल्टेज सावरणारी सेटिंग) मधल्या पातळीवरच ठेवा. टोकाच्या पातळीवर लोड सुटताच व्होल्टेज क्षणभर उसळते.

रायझन ५ ५६००एक्स, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचे व्होल्टेज कापणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे २५. प्राइम९५ ही ताण-चाचणी तासभर चालली, पण पीसी नुसता सुरू असताना रीस्टार्ट होतो. असे का?

प्राइम९५ सगळे कोअर एकदम राबवते, त्यामुळे वेग खाली राहतो. हलक्या कामात एखादाच कोअर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो आणि कापलेले व्होल्टेज नेमके तिथे अपुरे पडते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुकांची) १८ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यातल्या एपिक आयडीला दोनने भागून पूर्णांक घ्या, तो कोअरचा क्रमांक (गणती शून्यापासून). फक्त त्या कोअरचा आकडा उणे २० करा. मग कोअरसायकलर रात्रभर लावा. ते एकेक कोअर वेगळा तपासते. सर्वांत चांगले कोअर बहुधा सर्वांत कमी कपात सोसतात, म्हणून सरसकट एकच आकडा देऊ नका.

अकोल्यात जानेवारीत केलेली सेटिंग मे महिन्यात टिकेल?

कूलर खोलीच्या तापमानाच्या वरचा फरकच सांभाळतो. खोली २० अंशांवर असताना ७८ आले, तर ४० अंशांवर ९८ च्या आसपास जाईल. चाचणी भर दुपारी, केसची झाकणे लावून करा.

सेटिंग बदलल्यावर स्क्रीनच येत नाही.

वीज पूर्ण बंद करा आणि मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना काही सेकंद जोडून धरा. पिना सापडत नसतील तर बोर्डवरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटे काढून ठेवा. बायोस (बोर्डच्या सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगवर येईल. एक्सएमपी पुन्हा सुरू करावे लागेल.