जर्मनीतील उपकंपनीचा लाभांश : करारातले १० टक्के आपोआप मिळत नाहीत

नमस्कार.

कागलच्या आपल्या मशिनिंग कारखान्याची उपकंपनी श्टुटगार्टजवळ काढण्याचा आपला विचार वाचला. "दुहेरी करआकारणीच्या करारामुळे तिकडे लाभांशावर फक्त दहा टक्के कापले जातील, बाकीचे नंतर पाहू," हे आपल्या सीएंचे आश्वासनही वाचले. नेमके हेच वाक्य आम्हालाही सांगण्यात आले होते आणि आमचा पैसा सर्वाधिक काळ अडकला तो याच वाक्यामुळे. त्यामुळे जीएमबीएचची (म्हणजे जर्मन मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपनीची) नोंदणी, नोटरी, २५,००० युरो भांडवल आणि त्यापैकी नोंदणीआधी भरायचे किमान १२,५०० युरो, ही सगळीकडे मिळणारी माहिती मी सोडून देतो.

मी उत्पादक आहे, करसल्लागार नाही. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने जुने कलम क्रमांक आणि फॉर्म क्रमांक मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते आपल्या सल्लागारांकडून ताजे करून घ्यावेत.

करारात दहा टक्के लिहिले आहेत हे खरे आहे. परंतु जर्मन कंपनीला लाभांश देताना करार पाहून कमी दराने कापण्याची मुभा नसते. तिला तिथल्या देशांतर्गत कायद्याप्रमाणे २५ टक्के आणि त्यावर साडेपाच टक्क्यांचा एकता अधिभार, म्हणजे एकूण २६.३७५ टक्के कापावेच लागतात. ही कपात टाळण्याचा एकच मार्ग आहे : बॉन येथील केंद्रीय कर कार्यालयाकडून लाभांश देण्यापूर्वी सवलतीचे प्रमाणपत्र मिळवणे. ते मागच्या तारखेने मिळत नाही. फार तर अर्ज पोहोचल्याच्या दिवसापासून लागू होते. प्रमाणपत्र नसेल तर आधी पूर्ण कपात होते आणि नंतर परताव्याचा अर्ज करावा लागतो.

आता याचे भारतातील टोक पाहा. समजा १ लाख युरो लाभांश जाहीर झाला. जर्मनीत २६,३७५ युरो कापले गेले. आपल्याकडे विवरणपत्र भरताना परदेशी कराचे श्रेय (तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा करणे) मिळते ते करारात ठरलेल्या दरापुरतेच, म्हणजे १०,००० युरोंचे. वरचे १६,३७५ युरो भारतीय आयकर खात्याच्या दृष्टीने आपण स्वखुशीने जास्त भरलेले असतात. ते बॉनकडून मागून घ्या, असे नियम सांगतो. मात्र भारतातील कर पूर्ण १ लाख युरोंवर लागतो. तेवढी रक्कम हातात आलेली नसताना तिच्यावरचा आगाऊ कर भरण्याची वेळ येते आणि रोखीचे गणित कोलमडते. आमच्याकडे या पैशांवर ज्या यंत्राची ऑर्डर ठरली होती ती पुढे ढकलावी लागली.

हे सगळे टाळता आले असते आणि टळले नाही याचे कारण भारतातील एक कर कार्यालय आहे. त्याचे नाव आणि शहर मी लिहिणार नाही. बॉनला आपली कंपनी भारताची करनिवासी, म्हणजे करासाठी भारतातली मानली जाणारी, असल्याचा पुरावा लागतो आणि तो आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. आमचा अर्ज सर्व जोडपत्रांसह दाखल झाला, त्याची पोचही मिळाली, आणि त्यानंतर तो हलला नाही. अधिकाऱ्यांची बदली झाली, नव्या अधिकाऱ्यांनी तीच कागदपत्रे पुन्हा मागितली, आणि मग एका लिपिकाने "तुमचा परदेशी कर इथे संबंधित नाही, इथून असा कागद देत नाहीत" असे उत्तर दिले. जो कागद देणे हे त्या कार्यालयाचे नियमाने ठरलेले काम आहे त्याबद्दल हे उत्तर मिळावे, याचा संताप आजही कमी झालेला नाही. निर्यात वाढवा, जगात जा, असे व्यासपीठावरून उद्योजकांना सांगितले जाते. त्या जगात जाण्यासाठी लागणारे एक पानी प्रमाणपत्र मात्र टेबलावर पडून राहते. शेवटी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केल्यावर ते मिळाले. तोपर्यंत लाभांशाचा ठराव होऊन पैसे निघाले होते, कारण त्या प्रमाणपत्रासाठी थांबायला हवे हे जर्मनीतील सल्लागाराला कोणी कळवले नव्हते आणि इथल्या सल्लागाराला ते माहीत नव्हते. परतावा मिळाला, पण असा परतावा महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजण्याची तयारी ठेवावी.

म्हणून माझे ठाम मत असे आहे, आणि काहींना ते अतिसावध वाटेल : करनिवासाच्या प्रमाणपत्राचा अर्ज उपकंपनीला पहिला नफा होण्याची वाट न पाहता करावा, दर वर्षी करावा, आणि बॉनचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत लाभांशाचा ठरावच करू नये. नफा तिथेच राहिला तर काही बिघडत नाही. अर्जातील कंपनीचे नाव भागधारकांच्या जर्मन यादीत आहे तसेच, अक्षरन् अक्षर लिहावे; एकीकडे "प्रायव्हेट लिमिटेड" आणि दुसरीकडे "प्रा. लि." एवढ्यावरूनही पत्रव्यवहार सुरू होतो. पूर्ण कपात झालीच तर तिचा जर्मन कर दाखला मूळ प्रतीत जपून ठेवावा, कारण परतावा आणि भारतातील श्रेय दोन्ही त्याच्यावर अवलंबून असतात. परताव्यासाठी साधारणपणे लाभांश मिळाला त्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांची मुदत असते.

आपण लिहिले आहे की समभाग कुटुंबाच्या नव्या गुंतवणूक कंपनीच्या नावे ठेवण्याचा विचार आहे. माझ्या मते तसे करू नये. करारातील सवलत घेण्यापुरती मध्ये कंपनी उभी केली आहे का, हे जर्मन कायदा तपासतो. ज्या कंपनीकडे कामगार, यंत्रे आणि स्वतःचा व्यवसाय आहे तिला उत्तर देणे सोपे जाते. समभाग कागलच्या कारखान्याच्याच नावे असावेत.

एकूण कर किती, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. जर्मनीत कंपनी कर १५ टक्के आणि अधिभारासह १५.८२५ टक्के आहे. २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार मूळ दर २०२८ पासून दर वर्षी एक टक्क्याने उतरत २०३२ मध्ये १० टक्क्यांवर येणार आहे. याखेरीज नगरपालिकेचा व्यवसाय कर लागतो आणि तो गावागणिक बदलतो. साडेतीन टक्क्यांचा पायाभूत दर गुणिले त्या गावाचा गुणक, असा त्याचा हिशेब असतो. बर्लिनचा गुणक ४१० टक्के असल्याने तिथे १४.३५ टक्के, तर म्युनिकचा ४९० असल्याने तिथे १७.१५ टक्के कर बसतो. केवळ कमी गुणकासाठी दूरच्या गावात टपालपेटीपुरते कार्यालय घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये; प्रत्यक्ष कारभार कुठून चालतो हे तिथे पाहिले जाते.

म्हणजे ढोबळमानाने १०० रुपये नफ्यातून जर्मनीत ३० जातात आणि ७० लाभांश म्हणून निघतात. आपली कंपनी भारतात २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने कर भरत असेल तर अधिभार आणि उपकरासह २५.१६८ टक्के, म्हणजे ७० वर सुमारे १७ रुपये ६० पैसे होतात. त्यातून जर्मनीतील ७ रुपयांचे (७० च्या १० टक्क्यांचे) श्रेय वजा होते. उपकंपनीने स्वतः भरलेल्या ३० रुपयांचे श्रेय भारतात मिळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हातात उरतात सुमारे ५२ रुपये. परदेशी उपकंपनीच्या लाभांशावरचा पूर्वीचा १५ टक्क्यांचा विशेष दर आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून बंद झाला आहे, तरी जुन्या टिपणांवरून सल्ला देणारे अजून भेटतात. मिळालेला लाभांश ठरलेल्या मुदतीत आपल्या भागधारकांना पुढे वाटला तर वजावट मिळते, परंतु त्या रकमेवर भारतात कंपनीचा करच उरत नसल्याने जर्मनीतील कपातीचे श्रेय घ्यायला जागा राहत नाही. ज्या कारखान्याला पैसा यंत्रांत घालायचा आहे त्याच्यासाठी हा मार्ग नाही.

यावर उपाय म्हणून सगळी रक्कम भांडवलात न घालता काही भाग कर्ज म्हणून द्यावा. मुद्दल परत येते तेव्हा तो लाभांश नसतो आणि व्याज तिथे खर्च म्हणून धरले जाते. मात्र २०२४ पासून अशा समूहांतर्गत कर्जाची गरज, परतफेडीची क्षमता आणि व्याजदर यांचे समर्थन द्यावे लागते, त्यामुळे करारपत्र आधी आणि पैसे नंतर, हा क्रम पाळावा. मालाच्या किमतींचेही तसेच आहे. कागलहून जाणाऱ्या कास्टिंगचा दर बाजारापेक्षा चढा लावला तर जर्मन अधिकारी वरची रक्कम छुपा लाभांश मानू शकतात, आणि मग तिच्यावरही कपातीचा प्रश्न येतो. २०२५ पासून तपासणीचा आदेश आल्यावर ३० दिवसांत व्यवहारांचा तक्ता द्यावा लागतो. तो त्या वेळी बसून तयार होत नाही.

शाखा की उपकंपनी, या प्रश्नावर मी उपकंपनीच्या बाजूचा आहे. शाखेच्या नफ्यावर जर्मनीत लाभांशासारखी वेगळी कपात होत नाही आणि तिथल्या कराचे श्रेय भारतातील कराच्या मर्यादेत मिळते, म्हणून कागदावर ती स्वस्त दिसते. परंतु तिची सर्व देणी थेट आपल्या कारखान्यावर येतात, आणि जर्मन ग्राहक जीएमबीएचशी अधिक निर्धास्तपणे करार करतात. उपकंपनीचे महत्त्वाचे निर्णय मात्र तिथल्या संचालकानेच, तिथेच घ्यावेत. सगळा कारभार कागलहून चालला तर ती भारताचीच करनिवासी ठरू शकते. उपकंपनीची वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांपर्यंत असेल तर हा नियम लागू होत नाही.

नोंदणी झाल्यावर अधिकृत नोंदवहीच्या शुल्कासारखी दिसणारी बनावट बिले टपालाने येऊ लागतात. नोटरीला विचारल्याशिवाय एकही भरू नये.

रिझर्व्ह बँकेच्या बाजूचे एक सांगायचे राहिले. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी देऊन विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यावा लागतो. छोट्या जीएमबीएचला जर्मन कायद्याने लेखापरीक्षण सक्तीचे नाही, म्हणून तिथला सल्लागार ते सुचवणार नाही. परंतु उपकंपनीवर आपले नियंत्रण असल्याने हा अहवाल लेखापरीक्षित हिशेबांवरच द्यावा लागेल, तेव्हा त्या खर्चाची तरतूद आणि लेखापरीक्षकाची नेमणूक पहिल्या वर्षीच करून ठेवावी.