लिनक्समधून जुने आयडीई ड्रायव्हर काढले, मग माझ्या जुन्या हार्ड डिस्कचं काय होणार?

तुम्ही विचारलंय की घरी पेंटियम ४ चा संगणक आहे, त्यात रुंद पट्टीसारख्या केबलवरची आयडीई डिस्क आहे, आणि लिनक्स कर्नलने (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने) जुने आयडीई ड्रायव्हर, म्हणजे अशा डिस्का चालवणारा कोड, काढून टाकल्याचं वाचनात आलं. अपडेट केल्यावर डिस्क दिसेनाशी होईल का, आणि चालू असलेली गोष्ट काढतात तरी कशाला?

डिस्क दिसेल. काढला तो जुना ड्रायव्हर. त्या डिस्कचा आधार काढलेला नाही. दोन्हींत फार फरक आहे आणि बातम्यांत तोच हरवतो.

जेफ गार्झिक यांनी २००३ च्या सुमाराला लिबएटीए नावाचं नवं काम सुरू केलं. ते मुळात तेव्हा नव्याने आलेल्या, बारीक केबलच्या साटा डिस्कांसाठी होतं. मग त्याच पायावर जुन्या समांतर केबलच्या डिस्कांसाठीही ड्रायव्हर लिहिले गेले. त्यातलं बरंचसं काम ॲलन कॉक्स यांचं, आणि २००६ च्या अखेरीस २.६.१९ या कर्नलमध्ये ते दाखल झालं. जुना संच काढला गेला ५.१४ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये. मधली जवळजवळ पंधरा वर्षं दोन्ही ड्रायव्हर एकाच कर्नलमध्ये नांदत होते. बहुतेक वितरणांनी (डेबियन, फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार संचांनी) वापरकर्त्यांना केव्हाच नव्यावर आणून ठेवलं होतं, त्यामुळे तुमची डिस्क आजही नव्याच ड्रायव्हरवर चालत असण्याची शक्यता खूप आहे.

नव्यात चांगलं काय, हे मला सर्वांत जास्त जाणवतं चुका हाताळण्यात. तो भाग तेजुन हिओ यांनी २००६ मध्ये नव्याने रचला. केबल खराब असेल आणि डेटा वाटेत बिघडत असेल, तर लिबएटीए तो मार्ग रीसेट करतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तरी भागलं नाही तर वेग एक पायरी खाली आणतो. ऐंशी तारांच्या केबलऐवजी जुनी चाळीस तारांची केबल लावलेली असेल, तर ‘चाळीस तारांच्या केबलमुळे वेग यूडीएमए ३३ (एक कमी वेगाची पायरी) वर मर्यादित’ अशा अर्थाची स्पष्ट ओळ कर्नलच्या नोंदींत येते. डिस्क मंद का झाली याचं उत्तर एका ओळीत मिळतं. जुनी यंत्रं सांभाळणाऱ्यासाठी याची किंमत मोठी आहे.

त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी. जुना ड्रायव्हर डिस्कला ‘एचडीए’ म्हणायचा. लिबएटीए स्कझीच्या (डिस्कजोडणीच्या आणखी एका पद्धतीच्या) थरातून जातो, म्हणून तीच डिस्क ‘एसडीए’ झाली. आता कोणतं विभाजन (डिस्कचा भाग) कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये ‘एचडीए १’ असं नाव लिहून ठेवलेलं असेल, तर ड्रायव्हर उत्तम चालूनही संगणक सुरू होताना मूळ विभाजनच सापडत नाही. मे २००७ मध्ये फेडोरा ७ ने हा बदल केला तेव्हा अनेकांना हे भोगावं लागलं. शिवाय जुन्यात एका डिस्कवर ६३ विभाजनं करता येत, नव्यात तेव्हा १५ वरच गाडी थांबे. काही डिस्कांच्या शेवटी निर्मात्याने राखून ठेवलेला लपवलेला भाग असतो. जुना ड्रायव्हर तो आपणहून उघडायचा, नवा तेव्हा उघडत नसे. म्हणजे डिस्क अचानक लहान दिसे आणि शेवटचं विभाजन तिच्या हद्दीबाहेर जाई! (त्यासाठी लिबएटीएच्या ‘इग्नोर एचपीए’ या पर्यायाला १ द्यावा लागे.) ड्रायव्हर बदलण्यातली खरी मेहनत या असल्या सवयी सांभाळण्यात असते. चिप कशी चालवायची ते कागदपत्रांत सापडतं, पण जुन्याच्या कुठल्या वागण्यावर कोण विसंबून बसलंय ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मग काढला का? कारण कर्नलच्या आतल्या रचना बदलत राहतात, आणि प्रत्येक बदलासोबत आतला प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करावा लागतो. ५.० मध्ये डिस्ककडे विनंत्या पाठवण्याची जुनी वाट बंद झाली आणि सगळे ड्रायव्हर अनेक रांगांच्या नव्या पद्धतीवर आणावे लागले. जवळपास कुणी वापरत नसलेला आयडीई संचही त्यात बदलावा लागला. ज्याची चाचणी करायला यंत्र नाही असा कोड बदलायचा म्हणजे अंधारात हात घालणं. शिवाय त्या संचासाठी सामाईक थरात खास सोयी ठेवाव्या लागत होत्या, त्याही साफ करायच्या होत्या. मला हा निर्णय पटतो, आणि तो पटण्याचं कारण आहे शेवटच्या टप्प्यात घेतलेली काळजी.

मोटोरोला ६८००० घराण्यातली जुनी यंत्रं, म्हणजे अटारी फाल्कनसारखे संगणक, आजही लिनक्सवर चालवणारी माणसं आहेत. फाल्कनमध्ये डिस्कच्या जोडणीवर बाइटांची प्रत्येक जोडी उलटी येते. नेहमीचा डेटा तसाच उलटा लिहिलेला असतो, म्हणून तो सरळ करायचा नाही. पण डिस्क स्वतःची ओळख सांगते ती मात्र सरळ करून वाचायची. नव्या ड्रायव्हरमध्ये नेमका हा फरक तपासणाऱ्या दोन-चार ओळी आहेत. त्या नसत्या, तर एकतर डिस्क ओळखलीच गेली नसती किंवा तिच्यावरचा जुना डेटा वाचता आला नसता. हे ज्याच्या टेबलावर तसं यंत्र आहे त्यालाच पडताळून पाहता येतं, आणि अशा लोकांनी ते केलं.

आता तुमच्यापुरतं. टर्मिनलवर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ पर्यायासह चालवा आणि आयडीई कंट्रोलरखाली वापरात असलेला ड्रायव्हर बघा. इंटेलचा चिपसेट असेल तर ‘एटीए पीआयआयएक्स’ दिसायला हवं; तसं असेल तर तुम्ही नव्यावरच आहात. नुसतं ‘पीआयआयएक्स’ दिसलं तर अजून जुनाच ड्रायव्हर चालू आहे. मग अपडेटआधी ‘बीएलकेआयडी’ने विभाजनांचे यूयूआयडी (ड्रायव्हर बदलला तरी न बदलणारे ओळख क्रमांक) काढून ‘एफएसटॅब’मध्ये आणि बूटलोडरच्या ‘रूट’ पर्यायात तेच लिहा, आणि चालू असलेला कर्नल ग्रबच्या (म्हणजे बूटलोडरच्या, संगणक सुरू होताना दिसणाऱ्या) यादीतून काढू नका.

तुमच्याबाबतीत डिस्कपेक्षा मला प्रोसेसरची काळजी जास्त वाटते. सुरुवातीचे पेंटियम ४ हे ३२ बिटांचे आहेत, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांच्यासाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद झालंय. ‘एलएससीपीयू’ चालवून ६४ बिटांचा उल्लेख आहे का ते आधी पाहा. नसेल तर वितरण निवडतानाच ते ३२ बिटांना आधार देतं ना, याची खात्री करा.

आणि नव्या कर्नलवर खरंच डिस्क सापडली नाही, तर जुन्या आणि नव्या दोन्ही कर्नलखालचं ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चं पूर्ण आउटपुट जोडून आपल्या वितरणाकडे तक्रार नोंदवा. कंट्रोलरचं नाव आणि ‘एलएसपीसीआय’ने दाखवलेला क्रमांक त्यात नक्की द्या. कोणत्या ओळीपासून दोघांचं वागणं वेगळं होतं, हे दुरुस्त करणाऱ्याला त्यावरूनच कळतं.